सोसायटीत सुधराई

बडोद्याच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला. अमेरिका मी पाहिलेली नव्हती. विद्यार्थ्यांनीही पाहिलेली नव्हती, पण निम्म्या वर्गाचा एखादा मामा तिकडे मोटेल चालवत असल्यामुळे त्या देशाबद्दल आपल्याला बाईंपेक्षा जास्त कळतं, असं ते धरून चालत. मीही वाद घालत नसे. अभ्यासक्रम वेळेत संपवणं हे माझं काम होतं.

त्या अभ्यासक्रमात एक प्रकरण परीक्षेला हमखास यायचं: तिथल्या प्रगतिवादी सुधारणा चळवळीचा उगम आणि उद्दिष्टं. मी ते एका तासात बसवलं होतं. यादवी युद्धानंतर तिकडे कारखाने वाढले, रेल्वे पसरली, युरोपातून जहाजं भरभरून माणसं आली आणि शहरं फुगली. पैसा थोड्यांच्या हातात गेला आणि नगरपालिका एकेका दादाच्या. या दादाला तिकडे ‘बॉस’ म्हणत. तो गरिबाला नोकरी लावून देई, थंडीत कोळसा पाठवी, मयताला खांदा द्यायला येई आणि बदल्यात मत घेई. दूध पाण्याचं, मांस सडकं, लहान मुलं गिरणीत कामाला. मग शिकलेला मध्यमवर्ग जागा झाला. पत्रकारांनी घाण उकरून छापली. बायका गरीब वस्त्यांत राहायला गेल्या. त्यांना हवं होतं स्वच्छ अन्न, स्वच्छ कारभार, गुप्त मतदान, निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क, मुलांना शाळा, बायकांना मत आणि तज्ज्ञांच्या हातात सत्ता.

इथवर वर्ग पेंगत असे. शेवटी मी ‘दारूबंदी’ म्हटलं की मागच्या बाकापर्यंत सगळे ताठ बसत. गुजरातमध्ये वाढलेल्या पोराला या एका बाबतीत अमेरिकेला शिकवण्यासारखं बरंच असतं.

“मॅडम, मग त्यांची दारू बंद झाली?”

“कायद्यानं झाली.”

वर्ग खूश होऊन हसे. पुढचं समजावून सांगायची गरज पडत नसे.

‘बॉस’ या शब्दाची मात्र अडचण होती. बडोद्यात रिक्षावाला गिऱ्हाइकाला बॉस म्हणतो, गिऱ्हाईक पानवाल्याला बॉस म्हणतं. त्यामुळे उत्तरपत्रिकांमध्ये ‘बॉस लोक फार मदत करत’ असं आदरानं लिहिलेलं असे. मी त्याखाली लाल रेघ मारी. त्या लाल रेघेबद्दल पुढे मला जरा फेरविचार करावा लागला, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही तेव्हा फतेगंजमधल्या एका सोसायटीत राहत होतो. सासर दांडिया बाजारचं, पण तिथलं घर भावाभावांत अपुरं पडलं म्हणून आम्ही दोघं इकडे आलो. मी माहेरची सातारची. दांडिया बाजारात मराठीवर भागत होतं, त्यामुळे माझं गुजराती खंडेराव मार्केटात भाजी घेताना जमलं तेवढंच. तेवढ्यावर मी चांगली घासाघीस करू शकत असे, म्हणून आपल्याला भाषा येते असा माझा समज होता.

सोसायटीचे चेअरमन आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून चेअरमन होते. गोल चेहरा, पांढरी सफारी, तोंडात सुपारी आणि मराठी माणसाशी बोलायला खास त्यांनी बनवलेली मराठी. गॅसचं सिलिंडर अडलं, फोनची लाइन मिळेना, मुलाचा दाखला हवा, की सगळे त्यांच्याकडे. ते म्हणायचे, “थई जशे. होऊन जाईल, बेन.” आणि खरंच होऊन जायचं. वर्षातून एकदा कंपाउंडमध्ये सभा भरे, ते विचारत, “कुणाला काय वांधो?” आणि सगळे हात वर करून त्यांना पुन्हा निवडून देत. वांधो असणारे एकदोघं हात खाली ठेवत आणि दुसऱ्या दिवशी सिलिंडरसाठी त्यांच्याच दारात उभे राहत. मी वर्गात बॉसचं वर्णन करून घरी यायचे तेव्हा हे गेटपाशी उभे असायचे. पण मी शिकवत होते ते अमेरिकेबद्दल, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला.

ओळख पटवली एका कबुतरानं. एका उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला वास यायला लागला. चेअरमन “थई जशे” म्हणाले. वास वाढला. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरकाकांना घेऊन मी गच्चीवर गेले आणि टाकीचं झाकण सरकवलं. आत कबुतर होतं. ते बरेच दिवस तिथेच असावं. आम्ही त्याचंच पाणी उकळून पीत होतो.

इंजिनियरकाका मराठी, वीज खात्यातून निवृत्त झालेले. सगळ्या जगाचा कारभार पट्टी आणि घड्याळ घेऊन सुधारता येतो यावर त्यांचा विश्वास होता. टाकीकडे बघून ते म्हणाले, “हा प्रश्न कबुतराचा नाही. हा प्रश्न पद्धतीचा आहे.”

मलाही ते अगदी पटलं. घाण उकरून झालीच होती, आता पुढचं कलम. आम्ही ठरवलं की वार्षिक सभेत हात वर करणं बंद, चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान. काका सेक्रेटरीपदाला उभे राहणार होते. मी नाही. आमचा फ्लॅट नवऱ्याच्या नावावर होता, म्हणजे सोसायटीत मला मतच नव्हतं. बायकांच्या मताधिकाराचा धडा शिकवताना मी याचा उल्लेख करत नसे.

सभेची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. नवरा फिरतीवर सुरतेला होता. काकांना गुजराती बोलता येई पण लिहायचा कंटाळा. मी विचार केला, सफाई, भलाई, कमाई, तसं सुधारणेला सुधराई. शब्द कानावरून गेलेलाही होता. बाजारात कुणी ना कुणी म्हणतच असे. मोठ्या गुजराती अक्षरांत मी लिहिलं: ‘आपणी सोसायटीमां सुधराई आवे छे. रविवारे सवारे दस वागे, कंपाउंडमां. सौ सभ्योए सहकार आपवो.’ खाली सही केली, शुक्रवारी संध्याकाळी कागद जिन्यापाशी चिकटवला आणि समाधानानं वर आले.

शनिवारी कॉलेजातून परतले तर सोसायटीत जत्रा उठत असल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या मजल्यावरचे लोक गॅलरीला लावलेल्या काचा उतरवत होते. कुणी जिन्याखालचं कपाट हलवत होतं, कुणी कंपाउंडच्या भिंतीला टेकवलेला झोपाळा. चेअरमन स्वतः बनियनवर उभे राहून आपल्या गॅरेजमधल्या ऑफिसची पाटी काढत होते, आणि गच्चीवर दोन माणसं आमची टाकी घासत होती. मला वाटलं, लोक नुसता सुधारणा शब्द वाचून एवढे बदलतात? चळवळीच्या इतिहासात इतकं जलद यश मी कुठे वाचलं नव्हतं.

मग मी मागच्या बाजूला गेले आणि तिथे काकू दिसल्या.

काकू तळमजल्यावर भाड्यानं राहायच्या. याही दांडिया बाजारच्या, माझ्या सासूबाईंच्या शेजारच्या, म्हणून मला हक्कानं सूनबाई म्हणत. नवरा वारल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांचे डबे सुरू केले होते. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मोकळी पट्टी होती, तिथे पत्रे टाकून त्यांनी स्वयंपाकाची शेड उभी केली होती. दोन मोठ्या शेगड्या, पोळ्या लाटणाऱ्या दोघी बायका आणि हॉस्टेलमधली पोरं. या शेडवर त्यांचं भाडं आणि मुलीची शाळा चालत होती. शेड नियमात बसणारी नव्हती. चेअरमननी डोळेझाक केली होती म्हणून ती होती.

काकू स्टुलावर चढून पत्र्याचे खिळे काढत होत्या. शेगड्या विझलेल्या होत्या.

“काकू, हे काय?”

“काय म्हणजे? उद्या दहाला येणार ना ते? पत्रे त्यांनी उचलून नेले तर परत मिळायचे नाहीत. म्हणून मीच उतरवते.”

“कोण येणार?”

त्यांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं. “तूच तर लिहिलंयस सूनबाई. सुधराई येतेय म्हणून.”

“म्हणजे सुधारणा! सभा आहे.”

“सुधारणा म्हणजे सुधारो. सुधराई म्हणजे मुनसिपाल्टी.” काकूंनी खिळा तोंडातून काढून पदरात बांधला. “रविवारी दहाला मुनसिपाल्टी येतेय, सगळ्यांनी सहकार्य करा, असं लिहून वर आलीस तू. आणि वर सही प्रोफेसरबाईंची. कोण खोटं म्हणेल?”

मी कागद फाडायला धावले. पण तोवर कागदानं आपलं काम केलं होतं. मी दारोदार जाऊन चूक समजावली, तर लोक आणखी घाबरले. त्यांना वाटलं, मुनसिपाल्टी बेसावध पकडायला येणार म्हणून आता ही बाई सारवासारव करते आहे.

संध्याकाळी नवरा सुरतेहून आला. सगळी हकिगत ऐकून तो इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. “निदान मला दाखवायचंस तरी,” तो म्हणाला.

“तू सुरतेला होतास.”

“मग सभा पुढे ढकलायचीस. अमेरिकेत ऐंशी वर्षांपूर्वी झालेल्या गोष्टीची एवढी काय घाई होती?”

रविवारी दहा वाजता कंपाउंड भरलं होतं. सभेला इतकी माणसं कधीच आली नव्हती. सगळे माझ्यावर ओरडत होते, “बेन, आ शुं मांड्युं छे?” चेअरमन मुद्दाम उशिरा आले. इस्त्रीची सफारी घालून, शांतपणे. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“शांती राखो. चिंता नको. मी बोललो आहे त्यांच्याशी. सुधराई येणार नाही.”

टाळ्या पडल्या.

“अहो, ती येणारच नव्हती!” मी म्हणाले.

“पाहा,” चेअरमन लोकांकडे वळून म्हणाले, “बेन पण सांगतात.”

त्यांनी गुप्त मतदानालाही हरकत घेतली नाही. “करा ने! मला काय भीती?” काकांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडून आणली होती. मला मत नव्हतं, म्हणून मी निःपक्षपाती, म्हणून चिठ्ठ्या उघडायचं काम माझं. दरवर्षी हात खाली ठेवणाऱ्यांनीसुद्धा या वेळी चेअरमनना मत दिलेलं होतं. उघडपणे त्यांना विरोध करून दाखवावा लागे, गुप्तपणे ते ओझं नव्हतं. विरोधी चिठ्ठी एकच निघाली, इंजिनियरकाकांच्या कोरीव अक्षरातली. सेक्रेटरीपदाला दुसरं कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे काका मात्र निवडून आले.

जाताना चेअरमन माझ्यापाशी थांबले. “बेन, सुधराई न आवी, पण सुधारो थई गयो ने! टाकी साफ, कंपाउंड साफ. तुमच्या अमेरिकामां आवुं थाय?”

मी म्हणाले, अगदी असंच होतं. ते खूश होऊन गेले.

दुपारपर्यंत गॅलरीच्या काचा परत लागल्या. झोपाळा परत आला. ऑफिसची पाटीही. पण काकू पत्रे चढवायला लागल्या तेव्हा इंजिनियरकाका पट्टी घेऊन तिथे हजर झाले.

“काकू, आता पद्धत बदलली आहे. ही जागा सामायिक आहे. उतरलेली शेड परत उभारता येणार नाही.”

“आणि वरच्या काचा?”

“त्या ज्याच्या त्याच्या गॅलरीत आहेत. प्रश्न तत्त्वाचा आहे.”

काकूंनी पत्रे भिंतीला टेकवून ठेवले आणि आत जाऊन घरातल्या एका शेगडीवर होतील तेवढ्या पोळ्या केल्या. तेवढ्यानं भागणार नव्हतं. लाटणाऱ्या बायकांना सुट्टी द्यावी लागली. निम्म्या पोरांनी दुसरी मेस धरली, उरलेली किती दिवस थांबणार हे दिसतच होतं. मी खाली गेले तेव्हा काकू मुलीची पुस्तकं एका पेटीत भरत होत्या.

“दांडिया बाजारात भाऊ आहे माझा,” त्या म्हणाल्या. “दोन खोल्या आहेत. भावजय नाही म्हणणार नाही. नुसती बघेल. रोज बघेल.”

“मी काकांशी बोलते.”

“त्यांचं काय चुकलंय? त्यांचा नियम बरोबरच आहे. त्या चोर चेअरमनचं राज्य बरं होतं गं. त्याच्याकडे जाऊन रडता तरी यायचं; आता तो सेक्रेटरीकडे बोट दाखवतो. या सरळ माणसापुढे काय रडायचं?”

माझ्या लाल रेघेचं जे काही व्हायचं ते तिथे झालं. तिकडच्या सुधारकांनी बॉसला हटवलं तेव्हा कोळशाच्या गोणीचं काय झालं, हा प्रश्न मी कधी परीक्षेत विचारला नव्हता. कोणी विद्यार्थी तो लिहीतही नसे. उद्दिष्टांच्या यादीत तो नव्हता.

रडण्याचा मला कंटाळा आहे, दुसऱ्याच्याही. मी वर जाऊन पुस्तक काढलं. त्या चळवळीच्या लोकांनी आणखी एक सोय केली होती: सभासदांनी मागणी केली तर एखादा प्रश्न थेट मताला टाकावा लागतो, कमिटीला वाटो न वाटो. मी काकांकडे गेले आणि त्यांना तेच सांगितलं. अमेरिकेतली पद्धत आहे म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

“पण सभासदाची सही लागेल,” ते म्हणाले. “तुम्ही सभासद नाही.”

मी मागणीचा अर्ज लिहून नवऱ्याला सही करायला लावली. तो म्हणाला, “बघ, या वेळी मराठीतच लिहिलंयस ना?”

पुढच्या रविवारी सभा. काकू दारात उभ्या, मत नाही, बोलायचा हक्कही नाही. त्यांच्याकडे न बघता लोक एकेक करून बोलले. नियम तो नियम. आज शेड, उद्या दुकान. फोडणीचा धूर वर येतो. विद्यार्थी सायकली आडव्या लावतात. दुसऱ्या मजल्यावरचे काचवाले गृहस्थ तर बेकायदा बांधकामावर इतकं पोटतिडकीनं बोलले की मी त्यांच्या गॅलरीकडे बघितलं. तेही बघत होते, पण दुसरीकडे. शेडच्या बाजूनं कुणीही बोललं नाही. चेअरमननी वारा ओळखला.

“हात वर करूया. झटपट पतवी नाखीए, संपवून टाकू.”

हात वर झाले असते तर काकू त्याच संध्याकाळी पेटी घेऊन रिक्षात बसल्या असत्या.

“हात नाही,” मी म्हणाले. “डबा.”

“बेन, आवडी नानी वातमां? एवढ्याशा गोष्टीला?”

“पद्धत म्हणजे पद्धत. विचारा सेक्रेटरींना.”

इंजिनियरकाका शेडच्या विरोधात होते, पण डबा त्यांचा होता. ते उठले, घरी गेले आणि तो घेऊन आले. चिठ्ठ्या पडल्या, ‘हा’ म्हणजे शेड राहू दे, ‘ना’ म्हणजे नको. मी त्या उघडायला लागले, काका शेजारी उभे राहून मोजत होते. हा. हा. हा. ना. हा. काकांनी मला थांबवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितलं. पुन्हा तेच, ‘ना’ एकच. एका चिठ्ठीवर गुजरातीत लिहिलेलं होतं: ‘हा, पण कढीमां गळपण नाखो.’ कढीत गोड घाला. ते मी मोठ्यानं वाचलं. सगळे खूप हसले आणि कुणीच कुणाकडे बघितलं नाही. स्वयंपाकाचा कंटाळा आला की कोणाकोणाच्या घरी मागच्या दारानं काकूंच्या पोळ्या जात होत्या, याचा अंदाज मला त्या दिवशी आला. आमच्याकडे जात होत्या हे मला माहीत होतंच.

नवऱ्याला विचारलं, “तू काय लिहिलंस?”

“गुप्त आहे,” तो म्हणाला. आजतागायत सांगितलेलं नाही. ‘ना’ची चिठ्ठी कुणाची हे शोधायची मला फार इच्छा होती. पण ज्या गोष्टीसाठी आपण भांडलो तीच मोडायची म्हणजे जरा जास्तच होतं.

इंजिनियरकाकांनी निकाल मानला, पण अट घातली: अन्न शुद्ध आहे की नाही याची दर आठवड्याला तपासणी होईल आणि ती सेक्रेटरी जातीनं करेल. ती त्यांनी अतिशय कर्तव्यनिष्ठेनं केली. दुपारी जेवणाच्या वेळी पट्टी खिशात घालून ते शेडमध्ये जात, भांडी बघत, पाणी बघत आणि आमटीचा एक वाडगा तपासणीसाठी लागतो असं सांगत. काही आठवड्यांनी तपासणी रोज व्हायला लागली. काकू म्हणाल्या, इतका कडक अधिकारी मुनसिपाल्टीत एकही नसेल.

चेअरमन चेअरमनच राहिले. शेड आपणच वाचवली असं ते पुढे सांगत असत, आणि एव्हाना लोकांनाही तसंच आठवतं. टाकीचं झाकण पुन्हा वाकडं झालं. वर्गात मी ते प्रकरण पुढेही शिकवत राहिले. फक्त ‘बॉस लोक फार मदत करत’ या वाक्याखाली रेघ मारायची सोडून मी समासात ‘आणि?’ असं लिहायला लागले. त्याचं उत्तर द्यायला पुन्हा कोणी आलं नाही.

पत्रे चढवायच्या दिवशी मी खाली स्टूल धरून उभी होते. काकू वर, तोंडात खिळे. शेवटचा पत्रा बसल्यावर त्या खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी शेडकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी सुधारणा आणायची असेल तर दोन दिवस आधी सांग. पत्रे उतरवायला माणसं लागतात.”